लिफ्टमधली माझी सही

४ मार्च, मंगळवार

ताईचं सामान हलवलं. भाचीकडे, नवव्या मजल्यावर. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिने एकटीने राहणं कुणालाच पटत नव्हतं — तिला सोडून. वॉकर टेकत लिफ्टमध्ये शिरली आणि भिंतीवरचं कार्ड वाचत बसली. चष्मा वर करून, अगदी नाक लावून. ‘वार्षिक चाचणी पूर्ण.’ खाली माझी सही, जानेवारीची.

‘अगंबाई, छोट्या, ही तुझी लिफ्ट!’ (पन्नाशीला आलो. अजून छोट्याच.) दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई सोबत होत्या. त्यांना लगेच सांगून मोकळी — माझा भाऊ तपासतो हो ही, आता बिनधास्त बसा.

त्या उतरल्या आणि पाचव्या मजल्याच्या आसपास ताईने विचारलं, ‘दोर तुटला तर रे?’

सगळे हेच विचारतात. मीही नेहमीचं सुरू केलं. दोर एक नाही, पाच. एकटा एकसुद्धा भरलेली लिफ्ट पेलतो. वर मोटरच्या पुलीवरून ते पलीकडे जातात, तिथे लोखंडी वजनं टांगलेली. रिकामी लिफ्ट अधिक निम्मी माणसं, एवढी ती वजनं. त्यामुळे मोटरला सगळा भार ओढावा लागत नाही, फक्त फरकाचा. आणि ब्रेक सुटलाच तर रिकामी लिफ्ट खाली पडत नाही, वर पळते.

‘काहीतरीच सांगतोस.’

काहीतरीच नाही म्हटलं. आणि ब्रेकसुद्धा स्प्रिंगने कायम आवळलेला असतो. वीज लागते ती तो उघडायला. वीज गेली की आपोआप आवळला.

‘ते असू दे. पाचही तुटले तर?’

तर पाचरी. डब्याच्या खाली, दोन्ही बाजूंच्या रुळांना लागून. लिफ्ट भलत्या वेगाने खाली निघाली की त्या वर सरकून रूळ धरतात. वाऱ्याने आपटणाऱ्या दाराखाली आपण लाकडाची पाचर सरकवतो ना, तसंच. जेवढा भार येईल तेवढ्या घट्ट होतात... इथे माझी जीभ अडखळली. तिच्या लक्षात नाही आलं. ती खाली नवीन फरशी बघत होती. काळा ग्रॅनाइट, चकचकीत. डिसेंबरात बसवलाय.

या लिफ्टच्या पाचरी मी बघितलेल्याच नाहीत.

५ मार्च

लिहूनच टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

वर मशीनरूममध्ये एक छोटं चाक असतं, गव्हर्नर. त्याचा वेगळा बारीक दोर, तो लिफ्टला बांधलेला. लिफ्ट चालली की चाक फिरतं. फार जोरात फिरलं की त्यातली वजनं बाहेर फेकली जातात — गिरकी घेताना झग्याचा घेर फुलतो तशी — आणि चाक अडकतं. बारीक दोर जागच्या जागी थांबतो. लिफ्ट मात्र खाली चाललेली. मग तो थांबलेला दोर डब्याखालचा दांडा ओढतो, दांडा पाचरी उचलतो. ना वीज, ना कॉम्प्युटर. पडणारी लिफ्ट स्वतःच स्वतःचा गळा धरते म्हणा ना.

खरी चाचणी म्हणजे लिफ्ट सावकाश खाली सोडायची, ती चालू असतानाच गव्हर्नर अडकवायचा आणि पाचरी धरतात का ते बघायचं. मग डबा वर उचलून सोडवायचा, रुळावरचे ओरखडे कानशीने घासायचे. दोन माणसं, अर्धा दिवस.

मी काय केलं? लिफ्ट उभी होती. गव्हर्नर हातानेच अडकवला. ‘टक्’ झालं. सही केली. त्या दिवशी पाना तापाने घरी होता, मी एकटा. (पाना म्हणजे माझा जोडीदार. खिशात कायम पाना, म्हणून पाना.) एकट्याने कशी करणार चाचणी?

टक् झालं ते वर. खाली काय झालं, कुणी बघितलंय.

६ मार्च, गुरुवार

ताईचे बाहेर व्यायामाला जायचे दिवस मंगळ, गुरू, शनि. दहाला खाली, बाराला वर. मी दहाला मशीनरूममध्ये जाऊन उभा. काहीतरी तेलपाणी करतोय असं वॉचमनला सांगितलं. पुली फिरायला लागली, ताई खाली निघाली. तिथे उभा राहून मी करणार काय होतो? दोर हाताने धरणार होतो?

बाराला परत गेलोच.

७ मार्च

सेक्रेटरींना गाठलं. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, प्रत्येक कागद फाइलला. म्हटलं, लिफ्ट अर्धा दिवस द्या, चाचणी करायची आहे. त्यांनी फाइल काढली, माझ्याच कार्डाची झेरॉक्स माझ्यासमोर ठेवली.

‘ही सही कुणाची?’

‘माझी.’

‘मग झाली ना चाचणी? नवव्या मजल्यावर आजारी बाई राहायला आल्यात. त्यांना अर्धा दिवस अडकवून ठेवू?’

माझ्याच सहीने माझीच वाट अडवली, आणि पुढे केलं तेही माझ्याच बहिणीला.

८ मार्च, शनिवार

आज तिच्यासोबत लिफ्टने खाली गेलो, सोबतच वर आलो. ती म्हणाली, ‘एवढा लाड कधीपासून?’

१० मार्च

आमच्या लिफ्ट कंपनीच्या मालकांकडे गेलो. त्यांनी आधी केबिनचं दार लावून घेतलं. ‘परत चाचणी म्हणजे आधीची खोटी होती, असं होतं. कळतंय का? पाचरी कधी लागतात का कुणाला? बावीस वर्षांत तुला लागल्या?’

नाही लागल्या, म्हटलं.

‘मग? एक कार्ड उकरलंस तर बाकीच्यांचं काय?’

मी उठून आलो. बायको म्हणते जेवताना लक्ष कुठे असतं तुमचं. रस्त्याने जाताना इमारतींचे मजले मोजत सुटतो हल्ली. चिडचिड तर इतकी की आज साध्या स्क्रूवर ओरडलो.

११ मार्च, मंगळवार

सकाळी नऊ वाजता गेलो आणि लिफ्टमधलं कार्ड काढून खिशात घातलं. का काढलं, सांगता येत नाही. ते तिथे लटकलेलं बघवेना एवढं खरं.

दहाला ताई नवव्या मजल्यावर लिफ्टपाशी आली. आत पाऊल टाकायच्या आधीच: ‘तुझं कार्ड कुणी काढलं रे? मी तक्रार करते.’ वॉकर आपटत निघालीच होती सेक्रेटरींकडे.

मग मी सांगितलं. तिथेच, दारात उभं राहून. दार मिटायला बघायचं, माझा हात लागला की उघडायचं. सगळं सांगितलं — टक्, सही, पान्याचा ताप. ती ऐकत होती. मला वाटलं होतं रडेल, ओरडेल. लहानपणी पाटीवर न सोडवताच गणिताचं उत्तर लिहिलं होतं मी, तेव्हा तिने पाटी पुसून पुढ्यात ठेवली होती. तसाच चेहरा.

‘एवढं एकच ना?’

मी हो म्हणून मान हलवली.

‘मग मला काय सांगत बसलास? त्यांना सांग. आजचा व्यायाम मी घरीच करीन.’ वॉकर वळवला आणि गेली. लिफ्टकडे पाठ करून.

मला रडू आलं. लिफ्टमध्ये उभा राहून रडलो, पन्नाशीचा माणूस.

१२ मार्च

सेक्रेटरींना लिहून दिलं. जानेवारीची चाचणी झालेली नाही, सही माझी, चूक माझी. त्यांनी दोनदा वाचलं. आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. फक्त विचारलं, ‘असं नेहमी करता?’

‘एकदाच झालं साहेब.’

आजपासून लिफ्ट बंद. चाचणी शुक्रवारी. पाना येतो म्हणाला, मालकांना न विचारता.

१४ मार्च, शुक्रवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

रिकामी लिफ्ट, तिसऱ्या मजल्यावरून सावकाश खाली. मी वर मशीनरूममध्ये, पाना खालच्या दाराशी, सेक्रेटरी त्याच्यामागे. फोनवर पाना म्हणाला, सोड. सोडली. गव्हर्नर अडकवला. टक्! तोच आवाज, जानेवारीतला. बारीक दोर थांबला, ताणला गेला, मग चाकावरून घसरायला लागला.

लिफ्ट थांबली नाही. चालतच राहिली.

मी बटण दाबून मोटर बंद केली तेव्हा थांबली, ती मोटरच्या ब्रेकने. परत केलं. या वेळी डावीकडून करकर आली, डबा एका अंगाला कलला, उजवी बाजू तशीच सरकत राहिली. फोनवर पाना नुसता माझं नाव घेत होता.

लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरून खालून बघितलं. पाचरी जिथे बसतात ते घर सिमेंटने भरलेलं! ग्रॅनाइट बसवला तेव्हा पातळ सिमेंट फटीतून खाली झिरपलं आणि तिथेच वाळलं. उजवी पाचर दगड होऊन बसलेली. डावीही अर्धी. म्हणजे मी सही केली तेव्हा त्या फरशीवर उभा होतो. बुटाखाली नवी फरशी, आणि एकदाही मनात आलं नाही की ही बसवताना खाली काय गळलं असेल.

छिन्नीने फोडून काढलं, तीन तास. पाचरी धुतल्या, नव्या स्प्रिंगा घातल्या. फरशीच्या वजनाइतकी लोखंडी वजनं पलीकडेही वाढवायला लागली, तीही कुणी वाढवली नव्हती. मग परत तिसऱ्या मजल्यावरून.

टक्. आणि लिफ्ट उभी! वर पुली दोरांखाली नुसती घसरत होती, डबा तसूभर हलेना. पाना खाली शिट्ट्या मारत होता. दोन्ही रुळांवर दोन बोटं लांब ओरखडे, सारखे. इतके सुंदर ओरखडे मी जन्मात बघितले नाहीत.

१५ मार्च, शनिवार

मालकांचा फोन, सकाळी आठला. सोमवारपासून येऊ नकोस. बरं म्हटलं.

दहाला ताई लिफ्टपाशी हजर, चांगली साडी नेसून. नवं कार्ड वाचलं. या वेळी सही माझी आणि पान्याची. आत शिरली, वॉकर मधोमध रोवला, ‘तू जिन्याने ये,’ म्हणाली, आणि एकटी खाली गेली. मी नऊ मजले धावत उतरलो. खाली दार उघडलं तेव्हा ती हसत होती.

‘एकदाच चुकलास. सांगितलंस. संपलं,’ म्हणाली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना परत सांगायला गेली — माझा भाऊ तपासतो ही.

१७ मार्च

घरीच. कामाची वही काढून जानेवारीतल्या माझ्या सह्या मोजल्या. एकतीस इमारती, एकतीस वेळा नुसतं टक्.

पान्याला ताप एकच दिवस होता. आणि ताई एकाच इमारतीत राहते.