पेटारा की डबा

मंगळवार, ३ मार्च

गेला! कॉम्प्युटर गेला एकदाचा. तोही ऑनलाइन खेळाच्या ऐन सामन्यात. आधी पंख्याची घरघर, मग जळका वास, मग पडदा काळा ठिक्कर. मला वाटलं, आता आदळआपट होणार. चिरंजीव असते तर कीबोर्ड भिंतीवर गेला असता. हिने शांतपणे मोबाइल उचलला आणि टीमला सांगितलं, "माझं मशीन गेलं. आता नर्सताई सांगतील तसं करा. डावा दरवाजा सोडू नका. घाबरायचं नाही, जिंकतोय आपण." आणि जिंकले की!

ही माझी सून. म्हणजे कागदावर आता नाही. चिरंजीव ऑफिसातल्या एकीबरोबर परदेशी पळाले आणि गेल्या हिवाळ्यात घटस्फोटाचे कागदही झाले. मुलगा गेला, सून राहिली. सौदा वाईट नाही! टीमवाले तिला कॅप्टन म्हणतात, म्हणून मीही इथे कॅप्टनच लिहिते. सून लिहायचा हक्क उरला नाही, आणि नुसतं नाव लिहिलं की कुणी परकी वाटते.

बुधवार, ४ मार्च

कॅप्टन दिवसभर दातांच्या लॅबमध्ये लोकांचे दात घडवते. खरेखुरे वाटतील असे, एकेक दात, प्रत्येकाचा रंग वेगळा. संध्याकाळी घरी येते, ऑम्लेट-पाव खाते आणि हेडफोन चढवून बसते. मी पलंगाच्या कडेला उसवलेलं काहीतरी शिवत बसते. खेळातलं मला ओ की ठो कळत नाही. पण आवाज कळतो! सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली माझी, शेवटी सुपरवायझर होते. कुणाच्या आवाजावर माणसं भरवसा ठेवतात हे मला शिकवायला नको. कॅप्टन कधी ओरडत नाही. "थांबा. थांबा. आता." बस, एवढंच. तिकडे एक बेकरीवाला, एक नर्स, एक निवृत्त मास्तर, कुठल्या कुठल्या गावचे, तिच्या एका शब्दावर पळतात. माझ्या हाताखाली अशी एक मुलगी असती तर सुपरवायझरची खुर्ची मीच तिला दिली असती.

महिनाअखेर त्यांची मोठी स्पर्धा आहे. म्हणजे नवीन मशीन पाहिजे, आणि तयार जोडलेलंच, कारण सुटे भाग आणून जोडत बसायला तिला वेळ नाही. निवडून निवडून दोन उरलीत. शनिवारी दुकानात जाऊन बघायची. "तुम्ही पण चला ना, आई," म्हणाली. मला काय कळतं त्यातलं! पण साडी आत्ताच काढून ठेवलीय.

गुरुवार, ५ मार्च

आज जेवताना सहज म्हणाली, दुसऱ्या शहरातल्या मोठ्या लॅबमधून बोलावणं आलंय. एका विभागाची मुख्य म्हणून. "नक्की नाही अजून, विचार करतेय."

मी म्हटलं, "वा, छानच!" आणि आवाज जराही हलू दिला नाही. सवय आहे.

शुक्रवार, ६ मार्च

धाकट्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, जाणारच ती. तिने का म्हणून राहावं तुझ्याकडे? तुझ्या दिवट्याने काय पांग फेडले तिचे? आणि तू तरी कशाला अडकवून ठेवतेस?" मी कुठे अडकवतेय! मी काही बोलले का तिला? धाकटीची जीभ म्हणजे सुरी. राग आला, कारण खरं बोलली.

शनिवार, ७ मार्च

दुकान पाहिलं. बाप रे! भिंतीभर खोकी, आणि प्रत्येकाच्या पोटात लग्नाच्या मांडवासारखे दिवे.

आपली दोन्ही मशीनं शेजारी शेजारी मांडून ठेवली होती. एक म्हणजे पेटाराच. एका बाजूला काच, आत निळे-जांभळे दिवे, उचलायला दोन माणसं लागतील. दुसरं काळं, साधं, जेमतेम डब्याएवढं, वर धरायला चक्क हँडल! दोघांच्या आत चित्रं काढणारं कार्ड एकच, किमतीतही फारसा फरक नाही.

मला पेटारा बघताक्षणीच आवडला. का आवडला ते इथे लिहायला काय हरकत आहे? तो पेटारा एकदा खोलीच्या कोपऱ्यात बसला की बसला! त्याला घेऊन कोण गाव बदलणार? आणि हँडलवाल्याचं पहिलं काम म्हणजे उचलून निघणं. धाकटी म्हणेल नाकापेक्षा मोती जड. होऊ दे जड.

दुकानातल्या टायवाल्याने दोन्हींवर तोच खेळ लावला. पेटाऱ्यावर लोण्यासारखा. डब्यावर अडखळत, उचकी लागल्यासारखा. "छोट्यात हवा खेळत नाही, मॅडम. गरम होतं," टायवाला म्हणाला. मनापासून म्हणाला, फसवत नव्हता. कॅप्टन आलटून पालटून दोन्हींवर खेळली. "हं," म्हणाली.

माझे गुडघे दुखायला लागले, तर तिच्या बरोबर लक्षात आलं. कुठून तरी स्टूल आणलं, काउंटरच्या मागच्या बाजूला मोकळी जागा होती तिथे ठेवलं. "बसा आई." बसले. समोर दोन्ही मशीनच्या पाठी.

आणि दिसलं. पेटाऱ्याची पडद्याला जाणारी वायर खाली, कार्डाच्या भोकात. डब्याची वायर वरच्या भोकात, आणि खालची भोकं रिकामी! वायरी आणि भोकं यांत जन्म गेला माझा. एकाच जातीचं भोक दोन ठिकाणी असेल, तर त्यातलं एकच खरं कामाचं असतं.

तोंड उघडलं होतं मी. मिटलं.

कॅप्टन म्हणाली, "मोठाच बरा वाटतोय. पुढच्या शनिवारी येऊन घेऊन जातो."

रविवार, ८ मार्च

खाई त्याला खवखवे. मनाला सांगतेय, तुला काय कळतं त्यातलं? असेल तशीच पद्धत. टायवाला रोज तेच करतो, तो चुकेल होय?

कॅप्टन पेटाऱ्यासाठी टेबल सरकवून बघत होती. मी टेप धरला. आनंद झाला होता मला, कबूल आहे. अगदी लाज वाटावी इतका.

सोमवार, ९ मार्च

राहवेना. ती लॅबला गेल्यावर डबा बनवणाऱ्या कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. वाजंत्री ऐकवत बसवलं बराच वेळ. मग एक मुलगी आली. आवाज काय सुरेख! घाई नाही, उपकार केल्याचा सूर नाही. मी माझा जुना सरकारी आवाज काढला आणि विचारलं.

ती म्हणाली, "मॅडम, वायर नेहमी खाली, कार्डाला लावायची. वर लावली तर चित्र दिसतं, पण कार्ड झोपून राहतं. खेळ अडकतो. पुष्कळ लोकांची ही चूक होते."

मी तिला म्हटलं, "बेटा, फार छान बोलतेस तू. कुणी सांगितलंय का तुला कधी?" हसू आलं बिचारीला.

तर असं आहे. डबा पेटाऱ्याच्या तोडीस तोड आहे, मूर्ती लहान पण कीर्ती महान. आणि हे आता मला पक्कं माहीत आहे. कालपर्यंत मी नुसती गप्प होते, आजपासून लबाड.

मंगळवार, १० मार्च

सांगितलं नाही.

बुधवार, ११ मार्च

आज टीमची बैठक होती, नुसती बोलायची, मोबाइलवर. बेकरीवाल्याच्या हातून मागे कधीतरी सामना गेला होता, त्याचं तो अजून मनाला लावून घेतोय. कॅप्टनने त्याला दोष दिला नाही आणि कुरवाळलंही नाही. "चूक झाली. कुठे झाली ते तुम्हाला कळलंय. मग आता कशाला रडायचं? पुढच्या वेळी तो कोपरा तुमचाच." बस! पलीकडे बेकरीवाला नाक ओढत हसला.

एवढी हुशार पोरगी, माणसाच्या नुसत्या श्वासावरून ओळखणारी, दुकानात तिला ती वायर कशी दिसली नाही कोण जाणे. दमली असेल. शनिवारीसुद्धा अर्धा दिवस लॅब असते.

मी मात्र तिच्याकडे बघून ठरवलंय. ही मुलगी एका अख्ख्या विभागाला सांभाळेल. तिथे तिचं नाव होईल. आणि मी म्हातारी एका वायरीवर तिचं गाडं अडवून बसलेय! माझ्या मुलाने केलं ते थोडं झालं का?

शुक्रवार, १३ मार्च

सांगितलं. भांडी पुसता पुसता. "का गं, परवा त्या डब्याची वायर वर होती आणि पेटाऱ्याची खाली, नाही का? मला आपलं आत्ता एकदम आठवलं." आत्ता एकदम! खोटं बोलायला वय लागत नाही. खरं कारण काही तोंडातून निघालं नाही.

कॅप्टन हातातली ताटली पुसतच राहिली, कोरडी झाली तरी. मग म्हणाली, "उद्या तुम्हीच सांगा त्या टायवाल्याला."

शनिवार, १४ मार्च

टायवाल्याला सांगितलं. तो हसला नाही, चिडलाही नाही. मागे वाकला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "मावशी, महिनाभर मी ह्या मशीनची बदनामी करतोय की हो!" भला माणूस. मला म्हणाला, तुम्हीच लावा. मी वरची वायर काढली, खाली बसवली. नीट बसल्याचं बोटांना कळलं. किती दिवसांनी!

आणि डबा पळायला लागला. कसला पळाला! कॅप्टन खुर्चीत पुढे सरकली, डोळे बारीक झाले, ओठ मिटले. तिच्या दोन्ही हातांकडे बघत राहिले मी. ह्याच हातांनी ती दात घडवते. जराही थरथर नाही. बाजूची दोन गिऱ्हाइकं खरेदी सोडून बघायला थांबली. त्यांना सांगावंसं वाटलं, ही आमची आहे.

"डबा," कॅप्टन म्हणाली. मी म्हटलं, "डबाच." घरी येताना एका हातात हँडल धरून चालत होती. पेटीत बसवलेलं वाद्य न्यावं तसं. दुसऱ्या हाताने माझा दंड धरला होता.

सोमवार, १६ मार्च

संध्याकाळी समोर येऊन बसली. "आई, मी हो म्हणू का त्या लॅबला?"

मी म्हटलं, "म्हण." आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. भरपूर रडले. बाहेर आले तर चहा तयार होता.

शनिवार, २८ मार्च

स्पर्धा जिंकले! शेवटचा कोपरा बेकरीवाल्याने राखला. मी पलंगावर उभी राहून टाळ्या वाजवल्या, गुडघ्यांसकट.

बुधवार, १ एप्रिल

गेली. एक बॅग, एक डबा.

गुरुवार, २ एप्रिल

घर मोठं झालंय. धाकटी म्हणाली, "तू शहाण्यासारखं वागलीस गं." पहिल्यांदा चांगलं बोलली, तर मला तेही सहन होईना. तिला काय माहीत, तो आठवडाभर मी काय दाबून ठेवलं होतं.

रविवार, ५ एप्रिल

कॅप्टनचा फोन. नवीन खोली बरी आहे, लॅबमधले लोक अजून घाबरून असतात तिला. मग एकदम म्हणाली, "आई, ती वायर मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. तुमचं स्टूल ठेवताना. बोलणारच होते. पण तुम्हीही तिकडेच बघत होतात, तोंड उघडलंत आणि मिटलंत. का मिटलंत, तेही कळलं मला, मग मीही मोठाच म्हटलं. कागद झाल्यापासून रोज वाटायचं, आईंनी मला नुसती भिडेखातर ठेवून घेतलंय, जाऊ म्हटलं तर सुटतील बिचाऱ्या. त्या दिवशी कळलं, तसं नाही. म्हणून तर जायचं धाडस झालं."

एवढी सुपरवायझर, पण आवाजच फुटेना.

"हॅलो? आई? आहात ना?"

"आहे," म्हटलं.