न लावलेला वाळा

मंगळवार, संध्याकाळ. वसमत

इतकी वर्षं मला कळलं कसं नाही? 

घरी आल्यावर मनगट बाबांच्या नाकाशी धरायचं आणि त्यांनी अत्तर ओळखायचं, हा आमचा लहानपणापासूनचा खेळ. कॉलेजात गेल्यापासून मी रोज वाळाच लावते. सकाळी तो ओल्या मुळांसारखा कडवट असतो, दुपारपर्यंत अंगावर मऊ होतो. आज घाईत लावायचा राहिला. तरी सवयीनं मनगट पुढे केलंच.

बाबांनी डोळे मिटून हुंगलं. "वाळा! लई गार वाटून राहिलं."

"बाबा, आज काहीच लावलं न्हाई."

ते हसले. "पकडलं म्हणा की मास्तरीणबाईनं!" मग हळू म्हणाले, "हळदीच्या पॉलिशच्या कामावर लागलो, दुसऱ्याच साली नाकाला वास येणं गेलं."

"मग काम काहून सोडलं न्हाई?"

"तुझं कॉलेज चालू व्हतं."

पदवी होऊन, शाळेत नोकरी लागून वर्ष झालं. ते अजून त्याच पिवळ्या धुळीत जातात, रात्रभर खोकतात. आणि रोज माझं मनगट हुंगून "वाळा" म्हणतात.

आत्ता ते अंगणात उद्यासाठी डबा घासत होते. त्यांना न विचारता मी मुकादमांना फोन करून सांगितलं, बाबा आता कामाला येणार नाहीत.