ड्रॅगनच्या मानेवर

लुगांग, ८ एप्रिल १९९६

ती. पी-शिया मावशीस,
यी-रुंगचा नमस्कार वि. वि.

तू शाळेत विज्ञान शिकवतेस, म्हणून तुलाच विचारते. गेल्या वर्षी ड्रॅगन होड्यांच्या शर्यतीत शेवटी पाण्यात रोवलेला झेंडा माझ्या हातून सुटला. झेंडा उपटणारीला होडीच्या टोकावरच्या लाकडी ड्रॅगनच्या मानेवर पालथं पडून पुढे झुकावं लागतं. त्या दिवशी मला पाळी आली होती. अशी कळ आली की हात पोटाकडेच गेले. पुढे असून आमची होडी हरली. गावाला वाटतं, मी पाण्याला भ्यायले.

आता दर महिन्याला शाळा बुडते, उलट्या होतात, दुखणं गोळीनेही उतरत नाही. आई काळा गूळ घालून आल्याचं पाणी देते आणि लग्नानंतर थांबेल म्हणते. आम्हाला होडी शिकवणारे त्साय काका माझ्या जागी मासेवालीच्या मुलीला बसवून बघताहेत. ती चांगली आहे, हे लिहिताना राग येतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी यी-रुंग


ताइचुंग, १२ एप्रिल

ती. चिन-फेंगताईस,
सा. न. वि. वि.

थोडं दुखणं वेगळं. यी-रुंगची शाळा बुडते, गोळी लागू पडत नाही, महिन्यागणिक वाढतंय. हे आल्याच्या पाण्याचं काम नाही. तिला बायकांच्या डॉक्टरकडे ने. तुझी दाढ ठणकली तेव्हा पहिल्या बसने इथे आलीस. मुलीच्या पोटाने काय घोडं मारलंय?

रागावलीस तरी लोभ राहू दे.
पी-शिया


लुगांग, १७ एप्रिल

चि. पी-शियास आशीर्वाद.

शिकवणारी तू, निस्तरणारी मी. कुमारी मुलगी त्या दवाखान्याच्या बाकावर दिसली की संध्याकाळपर्यंत बाजारभर होईल. आतून तपासतात म्हणे. उद्या स्थळ आलं तर? माझंही असंच दुखायचं. आई म्हणाली, लग्न झालं की थांबतं. मी कधी ओरडले नाही.

कालवं पाठवली आहेत. नेहमीसारखी जाळू नकोस.
ताई


ताइचुंग, २० एप्रिल

ती. ताईस,

कालवं पोचली. जळली नाहीत.

तुझं थांबलं का?

पी-शिया


लुगांग, २१ जून

ती. मावशीस,
यी-रुंगचा नमस्कार, या वेळी ताठ मानेने.

तुझं पत्र आईने दोनदा वाचलं. मग चांगले बूट घातले आणि मला चल म्हणाली. दवाखान्याच्या बाकावर नेमक्या शेजारच्या लिन काकू. आईनेच आधी मोठ्याने सांगितलं, की मुलीचं पोट दुखतं, दाखवायला आणलंय. काकूंनी बसायला जागा केली.

डॉक्टरीणबाईंनी पोटावरूनच सोनोग्राफी केली. गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेरही वाढलंय, अंडाशयावर छोटी गाठ आहे. गोळ्या दिल्या, आणि पुन्हा दाखवायला यायचंच म्हणाल्या. माझ्या दुखण्याला नाव आहे हे ऐकून मी तिथेच रडले.

काल शर्यत झाली. पाळी होती. दुखलंही, पण हात माझे होते. झेंडा मुळापासून उपटला! काठावर आई अशी ओरडली की मला ढोल ऐकू आला नाही. मासेवालीची मुलगी म्हणते, पुढच्या वर्षी तरी आजारी पड.

डॉक्टरीणबाईंनी तेव्हा आईलाही विचारलं होतं, तुमचं कसं असतं. आईने ‘माझं काय एवढं’ म्हणून विषय झटकला होता. आज सकाळी तिने झेंडा धुऊन वाळत घातला आणि दवाखान्यात जाऊन सोमवारचा नंबर लावून आली. स्वतःचा. मी सोबत जाणार आहे. आल्याचं पाणी बाटलीतून नेईन, बाकावर बसून प्यायला.

पुढच्या वर्षी काठावर ओरडायला तूही हवीस. येताना लोभ घेऊन ये.
तुझी यी-रुंग