हजार किलोमीटर, पन्नासच्या आत

२ डिसेंबर
नव्यानं बांधलेलं इंजिन गाडीत बसलं. सुरू मात्र केलं नाही. विठ्ठल मिस्त्री म्हणाले, "आज नको बाई. हात दमलेत. दमल्या हातानं टायमिंग धरू नाय."
दिवसभर ओतूरला त्यांच्या गॅरेजात स्टुलावर बसून होते. फडकं मागितलं की फडकं द्यायचं, एवढंच माझं काम.
ही फियाट जुन्नरच्या कापडवाल्या शेठजींची. दुकान मुलाच्या हाती देऊन ते पुण्याला निघाले तेव्हा भंगारवाला दारात उभा होता. मी म्हटलं, मला द्या. का म्हटलं, अजून नीट कळलेलं नाही. छत्तीस वर्षं पोरांना शिकवलं, निवृत्त झाल्यावर गाडी चालवायला शिकले, आणि साठाव्या वर्षी बंद पडलेली गाडी विकत घेतली. धाकटी जाऊ शोभा म्हणते, "अक्का, त्यापरीस भजनी मंडळात या की."

३ डिसेंबर
नाही सुरू झाली. सेल्फ मारला तर कार्बोरेटरमधून फाडकन आवाज, आणि हातभर जाळ. मिस्त्री मागे सरले. मग डेल्कोचं, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डबीचं, झाकण काढून नुसते बघत राहिले. अर्धा फेरा उलटा बसला होता. पहिल्या सिलिंडरच्या वेळेची ठिणगी चौथ्याला.
"शिकाऊ बी अशी चूक करत नाय. चाळीस वर्सांत पयल्यांदा."
मी म्हटलं, "मी एकदा फळ्यावर सात आठे चोपन्न लिहिलं होतं. साहेब मागच्या बाकावर बसलेले."
हसले. पण तोंडापुरतं.
चहाच्या वेळी कळलं. सकाळी नाशिकहून मुलीचा, वैशालीचा, फोन आला होता. पारसाल छातीत दुखून दवाखान्यात होते, तेव्हापासून ती मागे लागलीये की गॅरेज बंद करा, माझ्याकडे राहायला या. आज हो म्हणून बसले.
"तुमचं इंजिन शेवटचं, बाई. ह्ये एकदा मार्गी लागलं की शटर खाली."
चांगलंच आहे म्हटलं. घरी येऊन भाकरी करपवली.

४ डिसेंबर
झाली! सुरू झाली!!
आधी टायमिंग. पुलीवरची खूण जुळवली. डेल्कोच्या तारेला छोटा बल्ब लावला. पॉइंट उघडले की तो पेटतो. त्यांनी डेल्को दोन्ही हातांत धरला, बल्बवर नजर मी ठेवायची. केसाएवढं फिरवत होते. मी श्वास धरून. "आत्ता!" म्हणून ओरडलेच. नट आवळला, इंजिन हातानं दोन फेरे फिरवून पुन्हा बघितलं. बरोबर खुणेवर पेटला.
मग किल्ली मला दिली. "तुमची गाडी हाय."
दुसऱ्या झटक्याला धरलं इंजिन. वीस मिनिटं ॲक्सिलरेटरवरून पाय हलवायचा नाही, असा हुकूम. धूर, नव्या रंगाचा वास. ते मडगार्डवर तळहात ठेवून उभे. कुणाच्या तरी पाठीवर ठेवावा तसा.
बंद केल्यावर म्हणाले, "आता ही बाळंतीण समजा. हजार किलोमीटर म्हंजी हिचा सव्वा म्हयना. पन्नासच्या वर न्यायची नाय, चढाला दामटायची नाय. आन् एका चालीनं बी नाय, कमीजास्त करत ऱ्हायचं. तवा पिस्टनच्या रिंगा बसत्यात."
"आणि काही बिघडलं तर?"
"मी संगं येतो ना. आवाज ऐकाया लागंल कुणीतरी."
मीटरमध्ये वेगाचा काटा हलतो, पण किलोमीटरचे आकडे अडकलेत. रस्त्याकडेचे दगड बघून हिशेब मी वहीत ठेवायचा असं ठरलं.

८ डिसेंबर. कि.मी. ९४
ओतूर ते आळेफाटा, परत. मागून येणारा प्रत्येक ट्रक हॉर्न मारतो. एका पिकअपवाल्यानं खिडकीतून विचारलं, "मावशी, ढकलू का?" मिस्त्री हसून हसून खोकले.
अंधाराच्या आत घरी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा आहे. परवाच शेजारच्या डिंगोऱ्यात कुत्रं नेलं बिबट्यानं.

१५ डिसेंबर. कि.मी. २१०
चढाला एक वेगळाच आवाज आला. मला आला, म्हणजे त्यांनी ऐकवला. "ऐका. डब्यात शेंगदाणे हालवल्यागत." थांबलो. टायमिंग जरा पुढं झालंय म्हणाले. डेल्को चिमूटभर मागे घेतला. पुन्हा तोच चढ, शेंगदाणे गायब.
हे गेल्याला बारा वर्षं झाली. शेजारच्या सीटवर माणूस बसलेला असण्याची सवय मोडली होती.
(हे खोडावं का? राहू दे. वही माझी आहे.)

२१ डिसेंबर. कि.मी. ३५५
मंचरवरून लोणीपर्यंत. तिकडे रस्ता सपाट, शिवाय लोणी त्यांचं मूळ गाव. थोरली बहीण आहे तिथे, सत्तरीची, कंबरेत वाकलेली. बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, ताक. आमच्यासमोर बसून वाढलं.
बहिणीनं विचारलं, "पावण्या कोण, इठ्ठल?"
"बाई हायेत. गाडीवाल्या."
म्हातारीनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. निघताना माझ्या हातात शेंगांची पिशवी दिली, आणि हात सोडलाच नाही. म्हणाली, "त्याला गोड देऊ नगा. साखर हाय त्याला." जणू मी रोज जेवायला वाढते.
एक गोष्ट. मी त्यांना पहिल्यापासून 'विठ्ठलभाऊ' म्हणते. आज दिवसभरात एकदाही भाऊ म्हटलं नाही. ठरवून नाही. तोंडात आलंच नाही.
त्यांच्या लक्षात आलं असेल का?

२८ डिसेंबर
खरे ५४०. त्यांनी विचारलं तेव्हा साडेचारशे सांगितले.
मुलांच्या हजेरीत एक रकाना खोटा भरला नाही कधी.

४ जानेवारी
आज पाचशेचं तेल बदललं. म्हणजे मी सांगितलेल्या पाचशेचं. तेल घमेल्यात काढलं, त्यांनी दोन बोटांत चोळलं, उजेडात धरलं. बराच वेळ.
"बाई, वहीत पाचशे हाय. तेल सहाशेच्या वर दिसतंय."
माझे कान तापले. म्हटलं, "चुकलं असेल मोजताना."
"व्हय." घमेलं बाजूला सरकवलं. "शिकवायला गणितच व्हतं ना तुमाला?"
मग खाली बघत, अगदी हळू, "मी काय म्हनत नाय. बरं वाटलं."
पुढचा तासभर दोघेही फक्त पान्याविषयी बोललो.

९ जानेवारी. कि.मी. ७३० (खरे)
वैशाली आली होती. बापासारखंच कपाळ. मला भांडायला आली असेल असं वाटलं होतं, कारण गावात बोललं जातं, तिच्यापर्यंत गेलं असणारच. पण ती गॅरेजच्या मागे घेऊन गेली आणि रडायलाच लागली.
"बाई, आई गेली तेव्हा मला दोन दिवस उशिरा कळलं, बाबांनी काळजी नको म्हणून सांगितलंच नव्हतं. ती आजारी आहे हेच सांगितलं नव्हतं. आता यांच्या छातीत दुखलं तर हे कुणाला सांगणार? हो म्हणालेत, पण तारीख देत नाहीत. तुमचं ऐकतील. तुम्ही सांगा ना."
मी सांगते म्हटलं. पोरीचं काही चुकत नाही. तेच वाईट आहे. चुकत असतं तर भांडता आलं असतं.

१० जानेवारी
शोभा गवार निवडायला येऊन बसली. भजनी मंडळाचं काही बोलेल म्हणून मी तयारीत. अर्धी गवार झाल्यावर म्हणाली,
"अक्का, आवाडतो का तुमाला मिस्त्री?"
मी शेंग मोडत राहिले.
"मंग जाऊ का देताय?"
"लोक काय म्हणतील, शोभा?"
"लोक म्हंजी मीच की! मीच तर म्हनत व्हते सगळीकडं." आणि खो खो हसली. मग शेंगा निवडत म्हणाली, "भावजी गेले तवा तुमी सा म्हयनं बोलला न्हाईत. आता बोलता. मला दिसतं ना."
वीस वर्षं एका अंगणात राहिले, आणि ही बाई मला आज भेटली.

१२ जानेवारी. कि.मी. ८१५
सांगितलं. नारायणगावच्या अलीकडे, द्राक्षांच्या बागा लागतात तिथे. गाडी चालवतानाच, म्हणजे तोंडाकडे बघावं लागू नये.
"तुम्ही गेलं पाहिजे. तारीख द्या तिला."
मी उगाचच गिअर बदलला.
"वैशाली तुमाला बोलली."
"बोलली. पण मलाही वाटतं. रात्री-अपरात्री काही झालं तर त्या गॅरेजात कोण आहे?"
"जायला सांगनाऱ्या तुमीच," ते म्हणाले, "आन् वहीत कमी लिवनाऱ्या बी तुमीच."
रागानं नाही म्हणाले. तेच सहन झालं नाही. बाजूला घेऊन गाडी थांबवली. त्यांनी काच खाली केली, बाहेर बघत बसले. मी पदरानं चष्मा पुसला, दोनदा. मग म्हणाले, "चला. न्यूट्रलवर लई येळ ठिऊ नका, तापंल."

१९ जानेवारी. कि.मी. १०००
हजार. ओतूरच्या वेशीत शिरताना झाले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.
हेड पुन्हा टाईट केलं, टॅपेट बघितले, तेल बदललं. शेवटी टायमिंग. बल्ब लावला आणि बाजूला झाले. "आज तुमी धरा डेल्को."
धरला. दोनदा पुढे गेला, एकदा मागे. चौथ्यांदा बल्ब पेटला आणि मी सोडलाच नाही, म्हटलं आता हाच. त्यांनी माझ्या हातावरून हात घालून नट आवळला. पाना ठेवल्यावरही त्यांचा हात तिथेच होता. थोडा वेळ.
"आता पळवा," म्हणाले. "आता काय व्हनार नाय तिला."
परवाच्या एस्टीनं जाणार.

२१ जानेवारी
मी स्टँडवर गेले नाही. शोभा जा म्हणत होती. वैशाली न्यायला येणार, तिच्यासमोर उगाच.
दुपारी गॅरेजवरून गेले. शटर.

२८ जानेवारी
फोन आला. नाशिकचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. जावई चांगला आहे, नात अभ्यासाला त्यांच्याजवळ बसते. डॉक्टरला दाखवलं, गोळ्या बदलल्या. हे सगळं त्यांनी वाचून दाखवल्यासारखं सांगितलं.
"आणि?"
"आन् काय. सकाळी गॅलरीत बसतो. खालनं गाड्या जात्यात, समद्या एकाच आवाजात. कान आंबलेत."
मग, "गाडी कशी हाय?"
"शेडमध्ये आहे. बाहेर काढली नाही."
"का?"
का ते त्यांना माहीत आहे. तरी विचारतात. मी म्हटलं, थंडी आहे.
फोन ठेवल्यावर लक्षात आलं, खरं ते एवढं जवळ येऊनही बोलले नाही. या वयात किती वेळा असं करायचं?

३ फेब्रुवारी
संगमनेर. हायवेच्या कडेच्या हॉटेलात बसून लिहितेय. पेन हॉटेलवाल्याचं.
सकाळी सातला निघाले. शोभानं डबा दिला, दारात उभी राहून टायरवर पाणी घातलं. आळेफाट्यावर उजवीकडे पुणं, डावीकडे नाशिक. आधी वाटलं फक्त फाट्यापर्यंत जाऊ. डावीकडे वळले.
साठनं आणली. मध्ये एकदा पासष्ट. चंदनापुरीच्या घाटात तिसऱ्या गिअरवर, कान लावून. एकही शेंगदाणा वाजला नाही. एवढ्या लांब आयुष्यात एकटी कुठे गेले नव्हते. गेले, तर कुणाच्या तरी मागे बसून.
इथे येऊन फोन लावला.
"कुठं हाय?"
"संगमनेरला."
"कुणाबरं?"
"एकटी. गाडी घेऊन."
मागे नातीचा पाढे म्हणायचा आवाज. मी ठरवून आले होते, म्हणून थांबले नाही. म्हटलं, "तुम्हाला परत न्यायला नाही आले. वैशालीचं बरोबर आहे, तुम्ही तिथेच राहायचं असेल तर राहा. पण मला तुमची आठवण येते. रोज येते. हे सांगायचं राहिलं होतं, तेवढं सांगायला आले. फोनवर सांगता आलं असतं, पण…"
पुढे काय म्हणायचं होतं ते मलाही नव्हतं माहीत.
ते म्हणाले, "पन.. घाट चढून आला?"
"हो."
"तापली?"
"नाही."
मग फोन बाजूला धरून कुणाला तरी, बहुतेक वैशालीलाच, "माझी पिशवी कुठं हाय गं?" ती काहीतरी म्हणाली, ऐकू आलं नाही. ओरडली मात्र नाही. मग मला, "तिथंच थांबा. साडेधाची एस्टी हाय. येतो मी."
येतो म्हणाले. किती दिवसांसाठी ते नाही म्हणाले. मीही विचारलं नाही.
दुसरा चहा झाला. साडेबारा वाजत आले. हॉटेलवाला मघाशी येऊन सांगत होता, "ताई, गाडी जरा नीट लावा, ट्रक वळाया जागा राहीना. तोंड कुठल्या अंगाला करू? नाशिकला जायचंय का पुण्याला?"
म्हटलं, "थोडं थांबा भाऊ. एक माणूस यायचाय."