निळ्या दिव्याची डबी

४ ऑगस्ट
पुन्हा! स्टुडिओवाल्या बाईंचा फोन — "तिसऱ्या प्रकरणात पान उलटल्याचा आवाज राहिलाय. ऐकू नाही आला तुम्हाला?" नाही आला. रेकॉर्ड केलेली पुस्तकं लोकांआधी मी ऐकते — खोकला, खुर्चीची करकर, सगळं वेचून काढायला. त्याचाच तर तोरा माझा! कान गेले तर काम गेलं. ह्यांना बोलले नाही. हे आपले आतून ओरडतायत, "अगं, साखर कुठंय?" डोक्यावर पंखा गरगरतोय.

७ ऑगस्ट
भावजी डबी घेऊन आले. "वहिनी, कानांना कशाला दोष? कॉम्प्युटरचा आतला आवाजच गचाळ. ही बाहेरून लावायची, आवाज स्वच्छ येतो; हेडफोन हिला जोडायचा." तोंडात टॉर्च धरून टेबलाखाली शिरले, डोक्याला कोळ्याची जाळी घेऊन बाहेर आले. निळा दिवा लागला!
"आता दार लावा, पंखा बंद करा, मग ऐका. आणि दादा, निळा दिवा असेपर्यंत वहिनीला हाक मारायची नाही!" हे निमूट स्वयंपाकघरात गेले.
अहाहा! वाचणारे काका वाक्याआधी ओठ ओले करतात, तेसुद्धा ऐकू येतं.

१२ ऑगस्ट
काकांच्या पोटातली गुरगुर सापडली! जेवणाआधी वाचलेलं प्रकरण असणार.

१९ ऑगस्ट
बाई म्हणाल्या, "एक चूक नाही. पुढची मोठी कादंबरी तुम्हालाच." जीव भांड्यात पडला. डबी मऊ फडक्यानं पुसली. हे हल्ली दिवा बघून चहासुद्धा स्वतःच करून घेतात. इतकं सुख कधी मिळालं होतं मला?

२३ ऑगस्ट
दुपारी ऐकत बसले होते. हे चवड्यांवर चालत आले, बोर्डवरचा आपला मोबाइलचा चार्जर काढला, गेले. दिवा विझला.
कानात काका वाचतच राहिले!
टेबलाखाली शिरले. डबीच्या वायरचं टोक मोकळं लोंबतंय — ती इतके दिवस त्या चार्जरला लावलेली, कॉम्प्युटरला नाहीच! हेडफोनची लांब वायर अजून कॉम्प्युटरच्या जुन्याच भोकात. म्हणजे ते ओठ, ती गुरगुर — माझ्याच कानांनी? तिथेच फतकल मारून हसत बसले, मग रडूच आलं.

२४ ऑगस्ट
डबी नीट जोडली. आवाज गोड झालाय, खोटं कशाला बोलू? मग ते तिसरं प्रकरण लावलं. मुद्दाम दार उघडं, पंखा चालू. पान ऐकू आलं नाही. दार लावलं, पंखा बंद केला — फर्रकन उलटलं!
ह्यांना सांगणार नाही. निळा दिवा असू दे.