रोहानाचा वाडगा

शनि. २ ऑगस्ट १९८६, डार्विन
वॉर्डातला जुना काटा घरी आणून आईचं वजन केलं. आल्यापासून चार किलो कमी! नर्स लेकीच्या घरात आईचं वजन घटतंय, कुणाला सांगू? सकाळी पेज, दुपारी पेज. विचारलं की "भूक नाही गं बाय." विमानतळावर मसाल्याच्या बाटल्या आणि सुके बोंबील काढून घेतले, तेव्हापासून ती या देशावर रुसलीय.
बाबा गेल्यापासून वसईच्या घरात एकटी असते. तिला परत पाठवायचं नाहीये मला. इथं कायम राहायचा फॉर्म कपाटावर पडून आहे, सही करत नाही. परतीचं तिकीट १८ नोव्हेंबरचं. फ्रान्सिस म्हणतो, जबरदस्ती करू नकोस. नवऱ्याला बोलायला काय जातं!

शनि. ९ ऑगस्ट
डे ऑफ. आईला ओढतच पॅरपच्या बाजारात नेलं. भाजी झाली, मग खाण्याच्या स्टॉलांकडे. माझी लाक्सावाली ठरलेली, चार वर्षं तिच्याकडेच खाते. मलेशियाची की सिंगापूरची, कधी विचारलं नाही.
आईनं वाडग्यावर नाक नेलं. "यात सुकी कोळंबी कुटून घातलीय."
मग नारळाच्या दुधाचा रस्सा, शेवया, कोळंबी, सगळं साफ. नाकातून पाणी, कपाळावर घाम, आणि वर "अजून घे की एक" मलाच! दुसरा वाडगा निम्मा खाल्ला. मी गाडीत बसून रडले. आनंदानं, दुसरं काय.

शनि. ३० ऑगस्ट
चौथा शनिवार. लाक्सावाली आता आईला लांबूनच हाक मारते, "मक!" म्हणजे त्यांच्यात आई. दोघींना एकमेकींची भाषा ओ की ठो येत नाही. आई स्टॉलमागे उकिडवी बसून तिच्या मिरच्यांची देठं काढत होती. मी म्हटलं, "अगं, लोक बघतात." "बघू देत. त्यांना येतं का असं बसायला?"
निघताना बाईनं घरासाठी लाक्सा दिला, स्वतःच्या वाडग्यात. इनॅमलचा, लाल फुलांचा, झाकणासकट. पैसे घेईना.

शुक्र. १२ सप्टें.
मरियामातेचा सण सोमवारी झाला, पण आईनं सणाचं विंदालू करायचं आजवर लांबवलं, उद्या बाजारात न्यायला. का, तर वाडगा रिकामा परत द्यायचा नसतो. डुकराचं मांस स्वतः निवडून घेतलं, खाटकाला दोनदा परत कापायला लावलं. मला शिफ्ट होती. आले तर घरभर व्हिनेगर-लसणाचा वास, आई घामाघूम आणि खूश. इतकी खूश बाबा जायच्या आधी पाहिली होती.
शुक्रवार म्हणून मांसाला तोंड लावायचं नाही, तर सगळं न चाखता केलं! मीठसुद्धा अंदाजानं. फ्रा. चोरून चाखायला गेला, हातावर चमचा बसला.

शनि. १३ सप्टें.
कुठून लिहू.
आईनं वाडगा दोन्ही हातांनी दिला. बाईनं झाकण उघडलं, वास घेतला, हसली. कसलं मटण म्हणून विचारलं. आणि आमची सात वर्षांची मारिया, आजीचं कौतुक करायला, जोरात, "It's pork! Nana's best!"
बाईनं झाकण लावलं. हळूच. वाडगा टेबलाच्या कडेला ठेवला, हात पुसले. म्हणाली, सॉरी मक, आम्ही मुस्लिम. आणि मला, "वाडगा तुम्हीच ठेवा. प्लीज."
आईला समजावून सांगितलं ते गाडीत. ती घरी पायऱ्या चढताना म्हणाली, "माझ्या हातचं आजवर कुणी परत केलं नव्हतं."

सोम. १५ सप्टें.
पुन्हा पेज.
"मुसलमान मला ठाऊक नाहीत होय? पापडी गावात त्यांचाच शेजार होता आपला. ईदेला शेवया यायच्या. त्यांना कधी चुकून तरी दिलं असतं का? पण हिचं तोंड चिनी, डोक्यावर पदर नाही. मला काय स्वप्न पडणार होतं?" आणि मग माझ्यावर घसरली. "तू चार वर्षं खातेस तिच्या हातचं. तुला साधं ठाऊक नसावं?"
खरंय. नावसुद्धा ठाऊक नव्हतं. मेली लाज.
तिकीट अलीकडचं मिळतं का, विचार म्हणाली. मी ऐकलंच नाही असं केलं.

शनि. २० सप्टें.
एकटी गेले. आधी नाव विचारलं. रोहाना. मलाक्काची, नवरा बंदरात कामाला. माफी मागितली. ती म्हणाली, रागावले नाही. "मकनं मनापासून केलं होतं. तिच्यासमोर फेकवेना, आणि ठेवून घेता येईना." नावाचं म्हटलं तर हसली, "तुमचं तरी मला कुठं ठाऊक? माझ्यासाठी तुम्ही एक्स्ट्रा चिली." मग, "मक कुठाय?"
घरी येऊन शब्दन् शब्द सांगितला. आई म्हणाली, "चांगली आहे बिचारी." पण येते का विचारलं तर कूस बदलून झोपली, भर दुपारी.

रवि. ५ ऑक्टो.
बिल्डअप सुरू, पावसाळ्याआधीचा उकाडा. पाऊस नाही, नुसती काहिली. पंखा गरम हवा ढकलतो. आई म्हणते, "इथं ऑक्टोबरात मे आलाय." परसातल्या आंब्याला कैऱ्या लगडल्यात. चर्चातल्या मिसहून आल्यापासून झाडाखाली खुर्ची टाकून वर बघत बसलीय. मध्येच, "कच्च्या फळाला डुकराचं काही लागत नाही ना गं?"
मी म्हटलं, नसावं. विचारून सांगते म्हटलं. [मंगळ.ची भर: या वेळी विचारलं. सोमवारीच, वॉर्डातल्या एका मुस्लिम डॉक्टरीणबाईंना. फळाला काहीच हरकत नाही, भांडं तेवढं नवं घ्या म्हणाल्या.]

शुक्र. १० ऑक्टो.
दुपारी फ्रा.नं तिला गावातल्या चिन्याच्या दुकानात नेलं. नवा वाडगा आणला, निळ्या फुलांचा. किचनमध्ये आणू देईना! बाहेरच्या नळावर धुतला, बाहेरच वाळवला. मारियानं हात लावला तर, "आधी साबणानं धू."

शनि. ११ ऑक्टो.
आई अंघोळ करून साडी नेसून पहाटेपासून तयार. बाजारात पोचलो तर पाय निघेना. मी दंडाला धरलं.
रोहानानं लांबून पाहिलं, पण "मक" म्हणाली नाही. आईनं वाडगा पुढं केला. झाकण स्वतःच उघडलं. कैऱ्या, देठासकट, वर थोडा चीक. खुणेनं सांगितलं, झाड, मग आपले हात, मग वाडगा धुतला तो नळ. एवढंच. रोहानानं एक कैरी उचलली, तिथंच चिरली, मीठ-तिखट लावून आधी आईच्या तोंडात, मग स्वतःच्या. दोघींचे डोळे आंबटानं मिटले. मागची रांग खोळंबली होती.
आईनं आज दोन वाडगे खाल्ले.

शनि. १ नोव्हें.
निळा वाडगा परत आला. आत कैरीचा सांबल, म्हणजे सुक्या कोळंबीची तिखट चटणी. मी म्हटलं, अगं कशाला. रोहाना म्हणाली, रिकामा कसा देणार? आमच्यात देत नाहीत.
आईला सांगितलं. ती इतकी हसली की ठसका लागला. "मग ही तर संपायचीच नाही भानगड!"

मंगळ. ४ नोव्हें.
वजन केलं. तीन किलो परत आले.
कैऱ्या संपत आल्या. आई परसातली पपई खालून दाबून बघत होती.
"किती दिवस गं हिला?"
"तीनेक आठवडे."
तिकीट १८चं. दोघींना ठाऊक.
आत्ता किचनमध्ये पाणी प्यायला गेले. कपाटावरचा फॉर्म खाली टेबलावर आलाय. पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर निळा वाडगा. सही नाही अजून. मी वाडगा हलवला नाही.