ईस्टरच्या सुट्टीतली पाहुणी

बाबा, तुमच्याबद्दल चांगलं लिहायला मी बसलेले नाही, हे आधीच सांगते. बर्मिंगहॅमला शिकत असताना ईस्टरच्या सुट्टीत मी एका मुलीला लंडनमधल्या आपल्या पिनरच्या घरी आणलं होतं. सुदानची होती ती. लढाईत घर गेलं, फार्मसीचं शिक्षण अर्धवट राहिलं. आम्ही विद्यार्थ्यांनी तिच्यासाठी कमिटी केली, सह्या गोळा केल्या, वर्षभर विद्यापीठाच्या मागे लागलो, तेव्हा कुठे तिची फी माफ झाली आणि हॉल्समध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या वसतिगृहात, खोली मिळाली.

ती कमिटी तरी काय वर्णावी! छातीवर ‘वेलकम’ छापलेले टी-शर्ट घालून सगळ्यांनी तिच्याबरोबर फोटो काढले. अध्यक्षानं तिला स्टेजवर उभं केलं आणि म्हणाला, “टेल देम अबाउट द बोट.” ती म्हणाली, “मी विमानानं आले.” याचा चेहरा असा पडला, जणू तिनं त्याला फसवलं होतं. आणि सुट्टीत हॉल्स बंद होतात, हे त्या शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. अध्यक्ष स्कीइंगला गेला. मी तिला घेऊन घरी आले.

आई पोळ्या लाटतेय. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातूनच मराठीत विचारता, “किती दिवस आहे ही?” तिला शब्द कळत नाहीत, सूर कळतो. जेवताना तुम्ही तिला इंग्रजीत ऐकवता, “आम्ही रेफ्युजी नव्हतो हं. युगांडातून ब्रिटिश पासपोर्टवर आलो.” ती साधेपणानं विचारते, “मग आल्यावर राहिलात कुठे?” लाटणं न थांबवता आईच इंग्रजीत सांगते, “आर्मीच्या बराकीत. ईदी अमीननं सगळं काढून घेऊन हाकललं होतं. ह्यांच्या अंगावर चर्चच्या बायकांनी दिलेला कोट होता.”

तुम्ही ताट सारून उठलात. सकाळी मला म्हणालात, “रविवारी महाराष्ट्र मंडळाची माणसं जेवायला येणार आहेत. त्याआधी हिला पोचव.” कुठे पोचवणार, हे विचारायचीही तुम्हाला गरज वाटली नाही. मंडळात तुम्ही ‘आमच्या कंपालाच्या बंगल्यात’ असं सुरू करायचात. बराक कधी आलीच नाही त्यात.

आम्ही परत बर्मिंगहॅमला गेलो. गावातच राहणाऱ्या कमिटीतल्या दोघींना फोन केला आणि तिची बॅग घेऊन चौघी विद्यापीठाच्या खोल्या देणाऱ्या अकोमोडेशन ऑफिसात जाऊन बसलो. मॅनेजर म्हणत राहिला, “इट्स पॉलिसी.” शेवटी तीच बोलली. “मला घर नाही म्हणूनच तुम्ही मला घेतलंत ना? मग सुट्टीत ते कुठून येईल?” ऑफिस बंद व्हायच्या वेळेला त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. तिच्यामागून आलेल्या मुलांना पहिल्या दिवसापासून खोली वर्षभरासाठी मिळाली. त्याचं भाषण अध्यक्षानं केलं, हे वेगळं सांगायला नको.

ती पास झाली ते मी तुम्हाला हौसेनं फोन करून सांगितलं. तुम्ही म्हणालात, “आपल्या टॅक्सवर.” त्याच वर्षी तुम्ही गेलात. अंत्यविधीला ती आली आणि आईच्या शेजारी उभी राहिली. मंडळाच्या माणसांनी विचारलं, ही कोण? आई म्हणाली, “आमच्याकडे राहिलेली.”

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. लिहायला घेतलं तेव्हा ठरवलं होतं, तुम्हाला ‘तू’ म्हणायचं. तेवढीच लायकी. दोनदा लिहून पाहिलं. हात वळला नाही.